एकतीस सीनमधले बाबा

बारकीने सिनेमा लिहिला तेव्हा तो आमच्याच घरावर आहे हे तिने मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. वाचल्यावर कळलंच. दोन बहिणी, मोठी परगावी नोकरीला, धाकटी वडिलांपाशी. वडिलांना अर्धांगाचा झटका येऊन वाचा गेलेली, सहा वर्षं ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून. यात न कळण्यासारखं काय आहे? बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण. वय वर्षं त्रेचाळीस, पण नाव पडलं ते पडलं. लिहिणार ती, दिग्दर्शनही तिचंच, आणि शूटिंगची आखणी माझ्याकडे. सव्वीस वर्षं मी तेच करते. कुठला सीन कुठल्या दिवशी, कोणाला किती वाजता बोलवायचं, कुठे छत्री लागते आणि कुठे कुत्रं लागतं. कुत्र्याला वेळ कळत नाही आणि नटांना कळून उपयोग नसतो, तरी माझ्यामुळे कुणाचा एक दिवस वाया गेलेला नाही. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

माझी पद्धत साधी. स्क्रिप्ट दोनदा वाचायची. पहिल्यांदा हातात काही न घेता, प्रेक्षकासारखी. दुसऱ्यांदा पट्टी घेऊन. पट्टी एकेका ओळीखाली सरकवायची आणि रंगीत पेन्सिलींनी खुणा करायच्या. माणसं लाल, वस्तू हिरव्या, गाड्या-जनावरं निळी. एकशे दहा पानांना चार दिवस लागतात. पण या वेळी आमच्या निर्मात्याने एआयचं एक टूल आणलं होतं, आणि नवीन जावई आल्यासारखं त्याचं कौतुक चाललं होतं.

"चार दिवस कशाला, मॅडम? स्क्रिप्ट टाका, चहा घ्या. चहा संपेपर्यंत तयार," तो म्हणाला.

मी तोंड वाकडं करून स्क्रिप्ट टाकली. चहा मुद्दाम भरभर प्यायले. तरी त्याचं काम आधी झालं. शंभर सीन, प्रत्येकात कोण माणसं, काय वस्तू, दिवस की रात्र, घरात की बाहेर. सगळं तक्त्यात. मग प्रत्येक सीनची चित्रं, कॅमेरा कुठे असेल त्यासकट. आणि शेवटी तारीखवार वेळापत्रक: बावीस दिवस. बावीसच हवे होते, कारण तेविसाव्या दिवशी आमचा कॅमेरामन दुसऱ्या सिनेमावर जाणार होता आणि त्याच्याशिवाय बारकी काम करायला तयार नव्हती. मी आठ-दहा सीन तपासले. छत्री होती, कुत्रं होतं. एका जागी मी विसरले असते ती दवाखान्याची चिठ्ठीसुद्धा होती. खरं सांगायचं तर मी गार पडले. पट्टी बॅगेतून काढलीच नाही.

शुक्रवारी निर्मात्याच्या ऑफिसात बैठक झाली. तो, बारकी आणि मी, समोर भिंतीवर मोठा टीव्ही. चित्रं एकामागून एक सरकत होती आणि निर्माता दर चित्राला "वा" म्हणत होता, जणू स्वतःच काढलीत. बारकी गप्प होती. मला वाटलं, भारावून गेली असेल. एक्केचाळिसाव्या सीनला ती म्हणाली, "थांब. मागे घे."

चित्रात घरातली पुढची खोली होती. धाकटी दाराशी उभी. आणि मोठी, मांडीवर पर्स घेऊन, खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली.

"ताई, ही त्या खुर्चीत काय करतेय?"

"बसलीय," मी म्हणाले.

"ती बाबांची खुर्ची आहे. बाबा कुठायत?"

मी तक्ता उघडला. बाबांच्या नावापुढे दोन सीन होते, एक दिवस. घरातल्या एकतीस सीनपैकी दोन. बारकीने तिसऱ्या सीनमध्ये स्पष्ट लिहिलं होतं: 'बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत. यापुढे घरात जेव्हा जेव्हा येऊ, ते तिथेच असतील. दर वेळी लिहीत नाही.' टूलने ते वाक्य तिसऱ्या सीनपुरतं धरलं. पुढे जिथे बाबांचं नाव नाही, त्यांना बोलायचं नाही, तिथे ते नाहीत. खुर्ची मात्र खोलीतलं सामान म्हणून राहिली होती, आणि रिकामी खुर्ची दिसल्यावर त्याने त्यात मोठीला बसवलं होतं.

यंत्राचं जाऊ दे. मी ते वाक्य वाचलं होतं. वाचून दीडशे चित्रं पाहिली होती, आणि त्या खोलीत माणूस कमी आहे हे मला कळलं नव्हतं. सव्वीस वर्षांत माझ्या हातून टोपी सुटलेली नाही, आणि इथे अख्खे वडील सुटले.

"चूक माझी," मी म्हणाले. हे म्हणायला मला फार जड जातं.

निर्मात्याने टाळी वाजवून प्रश्न सोडवला. "त्यात काय एवढं! एक दिवस त्या काकांना खुर्चीत बसवून शूट करू. बाकी सीनमध्ये नंतर एआयनेच बसवू त्यांना. आजकाल कळतसुद्धा नाही."

"मग बाकीचे नट काम कोणासमोर करणार?" बारकीने विचारलं.

"खुर्चीसमोर."

"तेच तर नकोय मला. ते तिथे असतात आणि सगळे ते नसल्यासारखे वागतात, हाच तर सिनेमा आहे. खरंच नसतील तर काय दाखवायचं? फर्निचर?"

मी लॅपटॉपवर एक ओळ लिहिली: घरातल्या सगळ्या सीनमध्ये बाबा खुर्चीत आहेत. आणि त्यांचं काम करणारे नट ऐंशी वर्षांचे आहेत, दिवसात चार तासांपेक्षा जास्त बसू शकत नाहीत. टूलने आधी नम्रपणे माफी मागितली, मग मिनिटभरात नवीन वेळापत्रक दिलं. चूक दाखवली की लगेच माफी, आमच्या घरात ही पद्धत नाही. सत्तावीस दिवस.

निर्मात्याचा चेहरा उतरला. माणूस वाईट नाही तो, पण त्याला अंकांतलंच कळतं. "बावीसच्या वर एक दिवस नाही," तो म्हणाला. "सोमवारपर्यंत बावीसात बसवा. नाही बसलं तर बाबांना आतल्या खोलीत झोपवू. अधूनमधून खोकल्याचा आवाज टाकू. तेवढं पुरे."

बारकीचा चेहरा पाहून मीच तिचा हात धरून तिला बाहेर काढलं. तिच्या जिभेला हाड नाही, आणि निर्माता पुन्हा मिळत नाही.

शनिवारी दुपारी ती माझ्याकडे आली. जेवणाच्या टेबलावर आम्ही पसारा मांडला आणि एकतीस सीन एकेक करून घेतले. या वेळी पट्टी काढली. दर सीनला माझे तेच दोन प्रश्न. बाबा काय करतात, आणि ते कॅमेऱ्यात दिसतात का? दिसत नसतील, किंवा नुसता खांदा दिसत असेल, तर खऱ्या नटाला बोलवायचं कारण नाही. शाल पांघरून दुसरं कोणीही बसेल.

"सीन सतरा?"

"खिडकीबाहेर बघतात. पाठमोरे."

"पाठमोरे म्हणजे दुसरं कोणीही. वाचले दोन तास. सीन बावीस?"

"धाकटी त्यांची नखं कापतेय आणि फोनवर भांडतेय. दिसायला हवेत."

"नखं कापताना कशाला भांडायचं?"

"तू फोन करायचीस तेव्हाच बसायला वेळ मिळायचा," बारकी म्हणाली. मी पट्टी खाली सरकवली.

असं करत करत दोन दिवस वाचले. पंचवीस झाले. आम्हाला हुरूप आला होता, बारकी मधूनमधून हसतही होती. बाबा दाढी करून घेताना न्हाव्यावर डोळे वटारायचे, तो सीन तिने उठून करून दाखवला आणि मला ठसका लागला. बाबा गेल्यावर दोन वर्षांत आम्ही दोघी त्यांच्याबद्दल इतकं पहिल्यांदाच बोलत होतो. मग एक्केचाळीस आला. दोघी बहिणी पुढच्या खोलीत बोलून वडिलांना वृद्धाश्रमात ठेवायचं ठरवतात, तो.

"हा अख्खा बाबांवर," बारकी म्हणाली. "कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावरून हलणार नाही. बहिणी दिसणारच नाहीत, नुसते आवाज. याला एक पूर्ण दिवस दे."

"या सीनमध्ये बाबा नाहीत."

"आहेत."

"अगं, ते आत झोपले होते तेव्हा. मी होते ना तिथे!"

"मीही होते, ताई."

"मग तुला नीट आठवत नाहीये. त्यांच्यासमोर मी असं बोलेन का? काहीतरीच काय!" माझा आवाज चढला होता. "सिनेमात काय दाखवायचंय ते दाखव, पण घडलं नाही ते माझ्या गळ्यात मारू नकोस."

बारकी भांडली नाही. एरवी मीठ कमी पडलं तरी भांडते. तिने स्क्रिप्ट माझ्याकडे वळवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'मोठी वर्तमानपत्र घेते. कोपऱ्यावर वृद्धाश्रमाचा नंबर लिहिते. कोपरा फाडते.'

"वर्तमानपत्र कुठून घेतलंस?" तिने विचारलं.

वस्तू कुठून आली हे विचारणं माझं काम. ते या सीनला मी विचारलं नव्हतं.

"टेबलावरून," मी म्हणाले.

"टेबलावर औषधं होती. पेपर बाबांच्या मांडीवर होता. ते वाचत होते."

"वाचतात कसले! नुसता धरून बसायचे."

बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं. आत झोपलेला माणूस पेपर धरून बसत नाही.

मग बारकीने सांगितलं, अगदी शांतपणे, एखादा सीन समजावून द्यावा तसं. मी म्हणाले होते, 'यांना काय कळतंय आता, तू स्वतःचा विचार कर.' पेपर त्यांच्या हातातून ओढला. नंबर लिहिला, कोपरा फाडला, पेपर परत त्यांच्या मांडीवर ठेवला. तो उलटा ठेवला गेला. बाबांनी डाव्या हाताने, चांगला होता तो हात, खूप वेळ घेऊन तो सुलट केला.

"तेव्हा तू पर्समध्ये काहीतरी शोधत होतीस," ती म्हणाली. "आणि मी तरी काय केलं? नंबर मीच सांगत होते तुला, एकेक आकडा. तुला एकटीला नाही म्हणत मी."

मला रडू आलं. मी चटकन रडणारी बाई नाही, सेटवर मला लोक टरकून असतात. पण त्या दिवशी टेबलावर डोकं ठेवून रडले. लाज वाटत होती. बारकीवर रागही येत होता, की अडीच वर्षं हिने हे पोटात ठेवलं आणि काढलं ते शंभर सीनच्या स्क्रिप्टमध्ये, एक्केचाळिसाव्या नंबरला. चार महिने बाबा त्या वृद्धाश्रमात होते, आणि मग गेले. त्या चार महिन्यांत मी दोनदा गेले. दोन्ही वेळा तिथल्या बाईंशीच जास्त बोलले.

बारकीने पाणी आणून दिलं. "नको असेल तर एक्केचाळीस काढते," ती म्हणाली. "तसंही बावीसात बसत नाहीये."

हे ती मनापासून म्हणत होती. आणि काढला असता तर तिने मला आयुष्यात कधी बोलून दाखवलं नसतं. मी तोंड धुऊन आले आणि तक्ता पुढे ओढला.

"तीन दिवस कमी करायचेत ना? मोठीच्या गावचे सीन किती आहेत?"

"सात. पण ते नाही काढायचे."

"किती दिवसांचे आहेत?"

तिने तक्त्यावर हात ठेवला. मला पाठ होतं. तीन दिवस. मोठी साहेबाकडे रजा मागते आणि तो देत नाही, तो सीन. भाड्याच्या खोलीत ती उभ्या उभ्या जेवते, तो. आणि दर रविवारी फोन करून धाकटीला सांगते की रिसीव्हर बाबांच्या कानाला लाव, आणि मग दहा मिनिटं एकटीच बोलत राहते, तो. सगळ्या स्क्रिप्टमध्ये मला तोच सर्वांत आवडला होता. वाचताना वाटलं होतं, चला, बारकीच्या एवढं तरी लक्षात आहे.

"ताई, ते मी तुझ्यासाठी लिहिलेत," बारकी म्हणाली. "ते काढले तर मोठी का येत नव्हती ते लोकांना कळणारच नाही. नुसती येते, ओरडते आणि निघून जाते असं दिसेल. लोक शिव्या घालतील तिला."

"घालू देत."

"अगं पण ते खरं आहे! तू फोन करायचीस. शूटिंगातून सुट्टी मिळत नव्हती तुला."

"बाबांना ते दिसलं होतं का?"

तिने नकाराची मान हलवली.

"मग मोठी त्यांच्या खुर्चीतूनच दिसू दे. त्यांना जेवढं दिसलं तेवढंच ठेव."

आमची वादावादी संध्याकाळपर्यंत चालली. ती म्हणाली, मी स्वतःला शिक्षा करून घेतेय, आणि तिच्या सिनेमाचा त्यासाठी वापर करतेय. मी म्हणाले, मी आखणी करतेय, माझं काम आहे ते, आणि दिग्दर्शकाला दुसरे तीन दिवस कुठे दिसत असतील तर दाखवावेत. तिला दिसले नाहीत. होतेच कुठे? शेवटी तिने सातही सीनवर स्वतः रेघ मारली, आणि दर रेघेला माझ्याकडे पाहिलं. मी टूलला सांगितलं. बावीस.

सोमवारी निर्मात्याने फक्त तो आकडा पाहिला. "बघा! मी म्हटलं नव्हतं, मशीनला जमतं?" असं म्हणून त्याने सही केली. बारकी काही बोलणार होती, मी टेबलाखालून तिला पाय मारला.

मंगळवारी सकाळी बाबांचं काम करणारे नट वाचनाला आले. दोन जिने काठी टेकत चढले, वर येऊन आधी स्वतःलाच शाबासकी दिली. "आयुष्यभर नाटकांत ओरडलो," ते म्हणाले, "आणि ऐंशीव्या वर्षी मुक्याची भूमिका. माझी बायको असती तर म्हणाली असती, उशीर झाला." मग चष्मा लावला आणि हसणं बाजूला ठेवून वाचायला बसले. पहिल्यापासून, एकही पान न गाळता. त्यांच्या वाट्याला एक शब्द नव्हता, तरी पेन्सिल घेऊन बसले होते. एक्केचाळीसपाशी थांबले आणि तो पुन्हा वाचला.

"एक विचारतो. या दोघी बोलतायत, ते त्याला कळतंय का? मला ठरवावं लागेल. त्यावर माझं बसणं बदलतं."

बारकीने तोंड उघडलं, मग माझ्याकडे पाहून मिटलं.

"कळतंय," मी म्हणाले. "सगळं."

"बरं." त्यांनी समासात लिहून घेतलं. "आणि मोठीला? त्याला कळतंय हे तिला माहीत असतं का? की तिला खरंच वाटतं, याला काही कळत नाही?"

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. बारकीनेही नाही. ती पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत होती.

"माहीत असतं," मी म्हणाले. "म्हणून तर ती सगळा वेळ त्यांच्याकडे बघत नाही."

"मग मी तिच्याकडेच बघत बसतो," म्हातारबुवा म्हणाले. "ती वळेपर्यंत. वळते का ती शेवटी?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी तेही लिहून घेतलं आणि पान उलटलं.